नैऋत्येची खोली

“पत्रा?” आई म्हणाली. “एवढा पैसा ओतून डोक्यावर पत्रा?”

“तिकडं सगळ्यांच्याच डोक्यावर पत्रा असतो,” मी म्हटलं. “रंगीत असतो, एवढंच.”

“आणि भिंती तरी?”

“लाकडाच्या. मधे काचेचा कापूस भरतात, गारठा आत येऊ नये म्हणून. बाहेरनं विटांचा एक थर, तोही नुसता दिसायला.”

“म्हणजे आपल्या गवळ्याच्या गोठ्याला पुढनं विटा लावल्या की झालं रणजितचं घर!” असं म्हणून आई आपल्याच बोलण्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मांडीवरच्या सुपातले पावटे सांडले. ते मी वेचून दिले. मीही हसत होते, खोटं कशाला बोलू.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घराची गच्ची, जानेवारीतला रविवार, सकाळचे नऊ. आई जिन्याच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून उन्हाला बसलेली. थंडी असो की श्रावणातली उघडीप, ऊन दिसलं की आई तिथं. तिला दमा होता. औषधं सगळी घ्यायची, पण भरवसा उन्हावर. “डॉक्टर बदलतात, ऊन बदलत नाही,” हे तिचं ठरलेलं वाक्य. मी समोर लॅपटॉपवर ओढणीची सावली धरून बसलेले, आणि पडद्यावर माझ्या धाकट्या भावाच्या, रणजितच्या, न्यूझीलंडमधल्या घराचा नकाशा.

बारा वर्षं झाली या गोष्टीला. अजून घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही.

मी राजारामपुरीत एका ऑफिसात एस्टिमेटर होते, अजून आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे बिल्डर नकाशे पाठवतात आणि आम्ही आठदहा जण इथं कोल्हापुरात बसून त्या घराला किती विटा, किती लाकूड, किती पत्रे लागतील ते मोजून देतो. तिकडं तेच काम महाग पडतं म्हणून. तेव्हापर्यंत तीनशेच्या वर घरं माझ्या हाताखालनं गेली होती. एकही डोळ्यांनी बघितलं नव्हतं. पासपोर्टसुद्धा नव्हता माझ्याकडं, काय करायचा होता?

रणजित आठ वर्षं तिकडं होता. हॅमिल्टन नावाच्या गावात कॉम्प्युटरची नोकरी, बायको केतकी, एक मुलगी. भाड्याच्या घरात दिवस काढून आता स्वतःचं बांधायला निघालेला. त्या रविवारी त्याचा फोन आला तो असा:

“अक्का, बिल्डर चार लाख बारा हजार डॉलर म्हणतोय. माझ्याकडं बँकेचं धरून तीन साठ आहेत. इथं मोजायला माणूस लावला तर तोच अडीच हजार घेईल. तू बघ की जरा. तुझं तर कामच आहे.”

“बघते. पण तीन साठच्या वर गेलं तर?”

“तर मग आई म्हणते ते करावं लागेल.”

आई काय म्हणत होती, तर हे घर विकू, पैसे रणजितला देऊ आणि ती कायमची त्याच्याकडं जाऊन राहील. तिच्या व्हिसाची कागदपत्रं सुरूच होती. घर तिच्या नावावर होतं. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, बांधतानाच तसं केलं होतं. आता या सगळ्यात मी कुठं जायचं, हे कुणीच म्हणत नव्हतं. मी एक्केचाळीस वर्षांची होते. लग्न जमलं नाही, आणि का जमलं नाही हा इथं विषय नाही. अण्णा गेल्यावर आठ वर्षं आईचं वाफेचं मशिन, दवाखाना, पथ्यपाणी सगळं मी केलं. मुलगा परदेशात म्हणून कौतुक त्याचं व्हायचं. आमच्याकडं तशीच पद्धत आहे, त्याचंही मला काही वाटत नव्हतं. मला फक्त ते घर हवं होतं, आणि ते माझ्या आकड्यावर टांगलेलं होतं. साठच्या आत बसवलं की घर वाचलं.

मग काय, कंबर कसली.

ऑफिसातनं आले की जेवायच्या आधी दोन तास आणि रविवार अख्खा, तीन आठवडे मी तेच घर मोजत होते. बिल्डरनं पत्र्याला दहा टक्के जास्ती धरले होते, ते पकडलं. जमिनीच्या काँक्रीटमध्ये गॅरेजची लादी दोनदा मोजली होती. बाजूच्या भिंती रस्त्यावरनं दिसत नव्हत्या, तिथल्या विटा काढून फळ्या सुचवल्या. आई येताजाता विचारायची, “कुठवर आलं गं?” मी म्हणायचे, “पंच्याऐंशीवर आणलंय.” मग “बहात्तरवर.” ती “बरं” म्हणायची आणि कामाला लागायची. मला वाटायचं, तिच्याही पोटात गोळा आलाय. कशी वेडी होते बघा मी.

याच तीन आठवड्यांत एकदा व्हिडिओवर केतकी म्हणाली, “आई, तुमची खोली नैऋत्येला घेतलीय हं. आमच्या वास्तूवाल्यांनी सांगितलं, वडीलधाऱ्यांचा मान नैऋत्येला.”

“ऐकलंस?” आई माझ्याकडं बघून म्हणाली. तिची मान एवढी ताठ झाली की मला हसू आलं.

पण मी नकाशा बघितला आणि हसू गेलं. खोलीला पश्चिमेकडनं खिडकी नव्हती, शेजाऱ्याची भिंत जवळ होती म्हणून. एकच खिडकी, सहा फुटी, दक्षिणेला.

आता आपल्याकडं थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो. आईची गच्चीवरची ती भिंतसुद्धा दक्षिणेलाच तोंड करून होती, म्हणून तर तिला दिवसभर ऊन. तिकडं सगळं उलटं. पृथ्वीच्या त्या टोकाला सूर्य उत्तरेकडनं जातो. तीनशे नकाशे मोजल्यावर हे मला झोपेतही कळत होतं. तिकडचा माणूस बसायची खोली, पोरांच्या खोल्या, सगळं उत्तरेला घेतो. दक्षिणेला काय टाकतो? कपडे धुवायचं मशिन, संडास, गाडी. ज्याला उन्हाची गरज नाही ते. दक्षिणेच्या भिंतीला थंडीत चार महिने ओल असते आणि झोंबरं वारं येतं तेही नैऋत्येकडनंच. वास्तूवाला पुण्यात बसून दिशा सांगत होता. होकायंत्र त्याचं बरोबर होतं, सूर्य तेवढा चुकला होता.

रणजितला हे कळलं नसणार, याची मला खात्री होती. त्याला दिशा कधी कळल्याच नाहीत. लहानपणी अंबाबाईच्या देवळात नेलं की पोरगं नेमकं भलत्याच दरवाज्यानं बाहेर पडायचं. महाद्वारात चपला आणि हा घाटी दरवाज्यात उभा राहून रडतोय. मीच शोधून आणायचे.

तर मी एक वेगळा कागद केला. हातानं, मराठीत. ‘आईची खोली आणि उत्तरेची ऑफिसची खोली यांची अदलाबदल करा. मापं सारखीच आहेत. एक दार सरकवायचं, खर्च शून्य. दक्षिणेला तिकडं ऊन येत नाही, आईला दमा आहे.’ खाली सहीसुद्धा केली, सवय म्हणून. अंदाजपत्रक पुरं झालं की दोन्ही एकदम पाठवायचं ठरवलं आणि कागद पर्समध्ये ठेवला.

एका बुधवारी आकडा बसला. तीन लाख सत्तावन्न हजार चारशे. मी ऑफिसातनं येताना अर्धा किलो बासुंदी घेतली आणि जवळजवळ पळतच घरी आले. आई भाकरी थापत होती.

“आई, बसलं! सत्तावन्न! घर विकायला नको.”

आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. “हात धू आधी,” म्हणाली.

“अगं, ऐकलंस का? तीन सत्तावन्न. तीन हजार उरतात उलट.”

“ऐकलं. हात धू.”

मी हात धुतले. आईनं गॅस बारीक केला, आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आली तर हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला स्टँपपेपर.

“मी इसार घेतलाय,” ती म्हणाली.

“कसला?”

“कसला म्हणजे? घराचा.”

मी कागद उघडला. पलीकडच्या गल्लीतल्या हार्डवेअरवाल्या शहांशी घर विकायचा करार, दोन लाख इसार मिळाल्याची पावती, खाली आईची वळणदार सही. सौदा अडतीस लाखांचा, ताबा पुढच्या वर्षीच्या शिमग्यानंतर. तारीख नऊ जानेवारी. गच्चीवर आम्ही पत्र्यावरनं हसलो तो रविवार अकरा तारखेचा.

“म्हणजे तू आधीच…”

“चांगलं गिऱ्हाईक होतं. हातचं सोडायचं का?”

“मग मला मोजायला कशाला लावलंत? तीन आठवडे! मी वेड्यासारखी एकेक वीट…”

आई तव्याकडं बघत होती. “रणजित म्हणाला, अक्काला मोजू दे. आकडा तिच्याच हातनं मोठा आला की तिची तीच समजेल. भांडण नको. आम्हाला काय ठाऊक, तू एवढा खाली आणशील.”

बघा म्हणजे. मी घर वाचवतेय म्हणून मान मोडून मोजत होते, आणि ती दोघं मी हरायची वाट बघत होती. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

“आणि मी? मी कुठं जाऊ?”

“तुला काय धाड भरलीय? कमावतेस. एक खोली भाड्यानं घेतलीस तरी भागतं. त्याला संसार आहे, पोर आहे. तुझं काय, एकटा जीव सदाशिव.”

हे ती रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर मी विसरले असते. भाकरी उलटताना जसं मीठ संपलंय म्हणून सांगावं, तसं बोलली. ती भाकरी चांगली टम्म फुगली. आईनं ती माझ्याच ताटात वाढली, वर लोणी घातलं. मी जेवायला बसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. बासुंदीची पिशवी तशीच ओट्यावर.

दोन घास झाले असतील. आई समोर पाटावर बसली आणि पदरानं तोंड पुसत अगदी सहज म्हणाली, “एक सांग. तू सगळं मोजलंयस म्हणून विचारते. माझ्या त्या खोलीत ऊन येतं का गं?”

कागद पर्समध्ये होता, पर्स खुंटीला, खुंटी हाताच्या अंतरावर.

मी घास गिळला. “दक्षिणेला खिडकी आहे,” मी म्हटलं. “सहा फुटी. दिवसभर ऊन.”

“दक्षिणेला ना? मग झालं,” आई म्हणाली. “आपल्या गच्चीसारखंच की.”

जेवण झाल्यावर तो कागद पर्समधनं काढला, चार घड्या घातल्या आणि ओट्यावर तेलाच्या डब्याखाली सारला. डबा डगमगत होता कधीचा. त्यानंतर वर्षभर आईनं त्याच डब्यातनं तेल काढलं.

अंदाजपत्रक तेवढं पाठवून दिलं. आता तिकडं पैसे उरणार होते, तर त्यांच्या मागण्या सुरू. केतकीला स्वयंपाकघरात दगडी ओटा हवा, चकाकता. रणजित म्हणाला, “अक्का, चार हजार जास्ती जातायत. बँकेला दिलेला आकडा मला ओलांडायचा नाही, आईचे पैसे हळूहळू येतील. कुठं कमी होतंय बघ की.”

“आईच्या खोलीत गरम हवेचं मशिन धरलंय ना, ते काढ,” मी म्हटलं. “तिला त्या मशिनची हवा सोसत नाही. भिंतीला साधा हीटर लाव, दोनशेत होईल. आणि जमिनीला गालिचा नको, साधी शीट टाक. पुसायला बरी.”

तो म्हणाला, “नक्की ना? तू म्हणतेस तर काढतो.”

“काढ,” मी म्हटलं.

हे मी केलं. कुणी माझा हात धरून करवून घेतलं नाही.

पुढच्या वर्षी शिमग्यानंतर शहांनी ताबा घेतला. आई पाडव्याला निघाली. मुंबईपर्यंत मी सोडायला गेले. तिच्या सामानात कांडलेला कांदालसूण मसाला, दोन नऊवारी, अंबाबाईची तसबीर आणि मी छापून दिलेला घराचा नकाशा. तिनंच मागून घेतला होता. तिच्या खोलीभोवती तिनं लाल पेननं चौकट केली होती. विमानतळावर काचेच्या दारातनं आत जाताना माघारी वळून म्हणाली, “तेल संपलं की डबा घासून मग भर गं. बूड चिकट झालंय.” आणि गेली. मी राजारामपुरीत एक खोली घेतली. पहिल्या मजल्यावर, पुढं गॅलरी. सकाळी भरपूर ऊन यायचं. मी पडदा लावून घेतला.

फोन रविवारी यायचा. सुरुवातीला सगळं नवलाईचं. रस्ते, गवत, नातीचं मराठी. मग जून आला, तिकडं थंडी पडली.

“कुमे, ऊन काही येईना गं अजून खोलीत,” आई म्हणाली.

“तिकडं आता थंडी आहे ना. डिसेंबरात येईल.”

“इथं थंडी जूनमधे आणि ऊन डिसेंबरात! काय देश म्हणायचा की चेष्टा!” ती हसली आणि हसता हसता खोकली. बराच वेळ खोकली. मी फोन कानाला लावून ऐकत बसले. मला बरं वाटलं. आता इतक्या वर्षांनी कशाला लपवू, बरं वाटलं मला. म्हटलं, बस आता संसारवाल्या लेकाकडं.

जुलैत म्हणाली, भिंतीला काळे ठिपके पडतात, केतकी काहीतरी मारून पुसून घेते. ऑगस्टमध्ये म्हणाली, “दुपारी त्या पुढच्या ऑफिसच्या खोलीत काय ऊन असतं गं! पण केतकीचं काम चालू असतं तिथं, फोन असतात, आपण कशाला मधे?” मी म्हटलं, “होय, कशाला मधे.”

आणि मग डिसेंबरात एका रविवारी फोन घेतला तर ती ओरडलीच, “आलं गं, आलं! ऊन आलं!”

“काय सांगतेस?”

“खरंच. संध्याकाळी सात वाजून गेल्यावर. आडवंतिडवं येतं, खिडकीच्या कडेनं. परवा कॉटच्या पायथ्याला आलं, काल माझ्या पावलांवर, आज पार गुडघ्यापर्यंत. अगदी अंबाबाईच्या पायांपासनं वर चढतो तसा किरणोत्सव गं! मी आपली हात जोडून बसले. रणजितला म्हटलं, बघ, कुमू म्हणाली होती डिसेंबरात येईल म्हणून. ती खोटं सांगत नाही.”

तेवढं येतं तिकडं. भर उन्हाळ्यात, मावळायच्या आधी घटकाभर, दीड महिना. त्याला काही ऊब नसते. मला ठाऊक होतं. त्या दिवशी मला बरं वाटलं नाही. फोन ठेवल्यावर सांगून टाकावं वाटलं. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? खिडकीचं सांगितलं की मशिनचं आलं, मशिनचं सांगितलं की कागदाचं आलं. मग मनाला समजावलं, ती तिघं राहतात तिथं, त्यांना डोळे नाहीत का? भिंतीवरची बुरशी त्यांना दिसत नाही का? पुढच्या रविवारी सांगू, असं करत करत फेब्रुवारी आला, ऊन गेलं, आणि आई म्हणाली, “आता पुढच्या डिसेंबरात.”

तो डिसेंबर आला नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ती गेली. छातीत कफ, मग न्यूमोनिया. तिकडंच सगळं केलं. ऑगस्टमध्ये रणजित एकटाच अस्थी घेऊन आला.

दुपारची वेळ होती. कलश त्यानं माझ्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचगंगेच्या घाटावर जायचं ठरलं होतं. तो कॉटवर बसला, मी खुर्चीत. तो सुटला होता, केस विरळ झाले होते. मी चहा दिला.

“मी तिला दोनदा म्हटलं, अक्का,” तो म्हणाला. “खोली बदलू या. केतकीपण तयार झाली होती शेवटी. ऐकली नाही. म्हणायची, ‘कुमूनं मोजलीय ही खोली. तीनशे घरं मोजलीत तिनं. ती म्हणाली तसं डिसेंबरात ऊन आलं की नाही? तुमच्यापेक्षा तिला कळतं.’ हटूनच बसली.”

मी हातातला कप खाली ठेवला. आणि बोलले.

“रणजित, तिथं ऊन येतच नाही. दक्षिणेला तिकडं येत नसतं. मला पहिल्या दिवसापासनं माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. मशिनही मुद्दाम काढायला लावलं.”

मला वाटलं, उठेल, अंगावर येईल. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी हूं की चूं केलं नसतं. त्यानं मान खाली घातली.

“हं,” म्हणाला.

“हं काय? कळलं का मी काय म्हणाले?”

“कळलं. दहा वर्षं राहतोय मी तिथं, अक्का. भाड्याची चार घरं बदलली. तिथं घराच्या जाहिरातीतच लिहितात, ऊन आहे की नाही. शेंबड्या पोराला ठाऊक असतं ते.”

क्षणभर मला अर्थच लागेना. देवळातला दरवाजा चुकणारं ते पोरगं माझ्या डोळ्यांपुढं होतं आणि समोर हा टक्कल पडत चाललेला माणूस.

“मग तिला तिथं का घातलंस?”

“केतकी घरनं काम करते. दिवसभर बसायचं तर तिला उजेड हवा होता. वास्तूवाल्यानं नैऋत्य म्हटलं तेव्हा…” तो अडखळला. “सोपं झालं. आईपण खूश झाली. मला वाटलं, नकाशा अक्काकडं जाणारच आहे. ती बघेल, भांडेल, मग बदलू. तू भांडली नाहीस. वर मशिन काढ म्हणालीस. मी विचारलं पण तुला, नक्की ना म्हणून.”

“विचारलंस,” मी म्हटलं.

“मग मी पण म्हटलं, अक्का म्हणते म्हणजे चालत असेल.”

खाली भाजीवाली ओरडत गेली. त्याचा चहा गार झाला, त्यावर साय धरली, त्यानं ती बोटानं बाजूला केली आणि तो तसाच प्याला. मग कलशाकडं न बघता म्हणाला, “शेवटच्या दिवशी सकाळी तिला जरा हुशारी वाटली. आठ-साडेआठ वाजले असतील. हॉस्पिटलात नको म्हणून हट्ट करून घरीच आणलं होतं. बाहेर धुकं. खिडकीकडं तोंड करून पडली होती. मला म्हणाली, ‘कुमूला फोन लाव. विचार तिला, आज ऊन किती वाजता येतं.’”

“मग लावला का नाहीस?”

“म्हटलं, आई, तिकडं आता रात्रीचे दोन वाजले असतील. अक्का झोपली असेल.”

“मग?”

“मग म्हणाली, ‘राहू दे मग. नको उठवूस. सकाळी कामावर जायचं असतं तिला.’”